एच-१बीवर घर घेतलं तर आठ हजार डॉलरचं क्रेडिट मिळतं का?

प्लेनोकर | २४ जानेवारी २०१०

नमस्कार मंडळी,

डॅलसजवळ प्लेनोमध्ये राहतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं चौथं वर्ष चालू आहे. बायको एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, मुलगी तीन वर्षांची. अपार्टमेंटचं भाडं दर वर्षी वाढतंय आणि खाली राहणाऱ्या आजोबांना मुलीच्या पळापळीचा त्रास होतो, म्हणून घर बघायला लागलोय. नोव्हेंबरात ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं पहिल्या घरावरच्या टॅक्स क्रेडिटची (करातल्या थेट सवलतीची) मुदत वाढली. ३० एप्रिलपर्यंत करार आणि ३० जूनपर्यंत क्लोजिंग (खरेदी पूर्ण) झालं तर ८,००० डॉलर मिळतात, इतकं मला समजलंय.

माझा सीपीए, म्हणजे टॅक्सचं बघणारा अकाउंटंट, सांगतो की हे सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच आहे, व्हिसावाल्यांनी नाद सोडावा. ऑफिसातला एक तमिळ मित्र मात्र एच-१बीवरच आहे आणि त्याला मागच्या वर्षी चेक आला. आता विश्वास कोणावर ठेवू?

अजून एक. पुण्यात सिंहगड रोडला माझ्या नावावर वन बीएचके आहे. म्हणजे मी 'फर्स्ट टाइम' राहिलो की नाही? आणि सगळ्यात मोठी भीती ही, की तीन वर्षांच्या आत घर सोडलं तर पैसे परत करावे लागतात म्हणे. आपल्यासारख्यांना तीन वर्षांची खात्री कोण देणार?

ज्यांनी व्हिसावर असताना घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोकणकडा | २४ जानेवारी

मिळतं. मला मिळालंय, एडिसनमध्ये, एच-१बीवर असताना. सविस्तर रात्री लिहितो, मुलाला कराट्याला सोडायचंय.

आकडेमोड | २४ जानेवारी

प्लेनोकर, तुमच्या सीपीएला आयकर कायद्याचं कलम ३६ उघडून वाचायला सांगा. त्यात नागरिकत्वाची अट नाही, ग्रीन कार्डची नाही. हे क्रेडिट 'नॉन-रेसिडेंट एलियन'ला मिळणार नाही, एवढंच म्हटलंय. आणि ते इमिग्रेशनवरून ठरत नाही, तुम्ही वर्षात किती दिवस इथे होतात त्यावरून ठरतं. चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षाचा एक षष्ठांश, यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे असलात, की टॅक्सपुरते तुम्ही रेसिडेंट. तुम्ही चार वर्षं रिटर्नचा साधा १०४० फॉर्म भरताय ना? नॉन-रेसिडेंटचा १०४०एनआर नाही ना? मग प्रश्न मिटला.

पुण्याचा फ्लॅट आड येत नाही. खरेदीआधीच्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या मुख्य घरात राहिलेलं नसावं अशी अट आहे, आणि अमेरिकेबाहेरचं घर त्यात धरत नाहीत हे आयआरएसनंच सांगितलंय. लग्न झालेल्यांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांनीही ही अट पाळलेली असावी लागते, म्हणजे वहिनींच्या नावावर इथे आधी घर नको.

उत्पन्नाची मर्यादा ६ नोव्हेंबरनंतरच्या खरेदीला वाढली आहे. जॉइंट रिटर्नवर सव्वादोन लाखांपर्यंत पूर्ण क्रेडिट, पुढे कमी होत दोन लाख ४५ हजारांना शून्य. घराची किंमत आठ लाखांच्या वर नको. किमतीच्या १० टक्के किंवा ८,००० यातलं जे कमी असेल ते मिळतं, आणि टॅक्स शून्य झाला तरी उरलेली रक्कम चेकनं येते.

तीन वर्षांचा मुद्दा मोठा आहे, त्यावर सवडीनं लिहीन.

कोकणकडा | २४ जानेवारी

आलो. आम्ही सप्टेंबर २००८ मध्ये क्लोजिंग केलं. तेव्हाचं क्रेडिट ७,५०० चं होतं आणि नावाला क्रेडिट, प्रत्यक्षात बिनव्याजी कर्ज. २०१० च्या रिटर्नपासून दर वर्षी ५०० असे १५ वर्षं परत करायचे. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये नवा कायदा आला आणि १ जानेवारी २००९ नंतर घेणाऱ्यांना ८,००० मिळाले, तेही परत न करता. साडेतीन महिन्यांच्या फरकानं. आमच्याच गल्लीत आमच्यासारखंच घर मार्चमध्ये विकलं गेलं, कमी किमतीत आणि वर क्रेडिट. ही बोच अजून आहे.

पण व्हिसामुळे कुठेही अडलं नाही हे नक्की. क्रेडिटचा फॉर्म ५४०५ भरला, तीन महिन्यांच्या आत पैसे आले. २००८ वाल्यांनी एक ध्यानात ठेवा, घर सोडलं किंवा भाड्यानं दिलं तर उरलेली सगळी रक्कम त्याच वर्षी एकदम भरावी लागते.

मीठभाकर | २५ जानेवारी

सगळे क्रेडिट मिळतं का यावरच बोलताय. मी उलटा प्रश्न विचारतो: घर घ्यावंच का?

तीन लाखांच्या घरात आठ हजार म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. गेल्या तीन वर्षांत बऱ्याच शहरांत किमती याच्या कितीतरी पट पडल्यात आणि बँकांनी जप्त केलेली घरं अजून बाजारात यायचीयत. एप्रिलनंतर क्रेडिट संपलं की मागणी बसेल आणि तीच घरं आठ हजारांनी खाली येतील. ग्रीन कार्डवाला ते सोसेल. एच-१बीवाल्याची नोकरी गेली तर हातात वेळच नसतो. ज्या दिवशी पगार थांबला त्या दिवसापासून स्टेटस संपलं, अधिकृत सवलतीचा एक दिवसही कायद्यात नाही. त्यात याच महिन्याच्या ८ तारखेचा इमिग्रेशन खात्याचा न्युफेल्ड मेमो वाचा. तिसऱ्याच कंपनीत जाऊन काम करणाऱ्या कन्सल्टिंगवाल्यांचं एक्स्टेन्शन अडवायला आता कारण मिळालंय. प्लेनोकर, तुम्ही फुलटाइम आहात की कन्सल्टिंगमध्ये?

प्लेनोकर | २५ जानेवारी

आकडेमोड, मनापासून आभार. तुमची पोस्ट सीपीएला पाठवतोय.

मीठभाकर, फुलटाइम आहे, टेलिकॉममध्ये. ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज (आय-१४०) मंजूर आहे, ईबी-३ गटात, रांगेतली तारीख (प्रायॉरिटी डेट) २००७. म्हणजे वाट पाहणं आलंच.

शिवारातला | २५ जानेवारी

ईबी-३ ची तारीख २००१ मध्ये अडकलीय. तुमची मुलगी ड्रायव्हिंग लायसन काढेल तेव्हा नंबर लागेल. घर घ्याच, कार्डाची वाट बघत बसू नका.

जाईजुई | २५ जानेवारी

मी कॅरी, नॉर्थ कॅरोलायनातून. एच-४वर आहे. भारतात सहा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलं, इथे कामाची परवानगी नाही.

प्लेनोकर, तुमच्या बायकोच्या बाजूनं लिहितेय. आम्ही गेल्या उन्हाळ्यात घर घेतलं. मला उत्पन्न नाही म्हणून कर्ज एकट्या नवऱ्याच्या नावावर, ते ठीक आहे. पण क्लोजिंगच्या आठवड्यात वकिलाच्या ऑफिसातून डीडचा (खरेदीखताचा) मसुदा आला त्यात माझं नावच नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, लोन अर्जावर एकच नाव म्हणून डीडवरही एकच, इतकं सरळ. मी फोन केला आणि कर्जात नसले तरी मालकीत माझं नाव घालता येतं का विचारलं. येतं म्हणाले. दहा मिनिटांत दुरुस्ती झाली. मी विचारलं नसतं तर झाली नसती.

आपण नवऱ्याच्या व्हिसावर, नवऱ्याच्या इन्शुरन्सवर, नवऱ्याच्या बँक खात्यावर असतो. घर तरी दोघांचं असू द्या. मसुदा आधी मागवून वाचा.

क्रेडिटबद्दल: माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटीआयएन (फक्त टॅक्सपुरता नंबर) आहे. जॉइंट रिटर्नवर तोच घातला. पूर्ण ८,००० मिळाले.

आकडेमोड | २६ जानेवारी

जाईजुई, फार मोलाचं लिहिलंत. माझ्याकडे रिटर्न करून घ्यायला येणाऱ्या कितीतरी जोडप्यांच्या कागदांत हेच दिसतं.

ज्यांचा आयटीआयएन अजून नाही त्यांनी त्याचा अर्ज, डब्ल्यू-७, रिटर्नसोबतच पाठवायचा असतो. तसंही क्रेडिटचं रिटर्न यंदा ई-फाइल होत नाही, कागदावरच पाठवावं लागतं. घर घेतल्याचा पुरावा म्हणून सेटलमेंट स्टेटमेंट, म्हणजे क्लोजिंगला मिळतो तो एचयूडी-१, जोडणं सक्तीचं झालंय. गेल्या वर्षी इतके खोटे दावे आले की चार वर्षांच्या मुलाच्या नावानंही क्रेडिट मागितल्याचं तपासात निघालं. म्हणून आता खरेदीदार १८ वर्षांचा हवा आणि कुणाच्या रिटर्नवर डिपेंडंट नको, अशाही अटी आहेत.

नवानवा | २६ जानेवारी

मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मास्टर्सला २००७ मध्ये आलो, १ ऑक्टोबर २००९ पासून एच-१बी. ऑस्टिनमध्ये कॉन्डो बघतोय, मार्चमध्ये क्लोजिंग होईल. २०१० ची खरेदी २००९ च्या रिटर्नवर दाखवून लगेच क्रेडिट घेता येतं असं वाचलं. मला जमेल का? लग्न झालेलं नाही.

आकडेमोड | २६ जानेवारी

नवानवा, तुझ्या बाबतीत जपून. एफ-१ वरची पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवस मोजणीत धरत नाहीत. म्हणून २००९ मध्ये तुझे मोजायचे दिवस फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर, ९२. म्हणजे २००९ साठी तू नॉन-रेसिडेंट, १०४०एनआर भरणार. खरेदी २००९ मध्ये झाली असं धरून क्रेडिट मागितलंस तर त्या वर्षाला तू अपात्र ठरशील. तेच २०१० मध्ये तू जुलै उजाडेपर्यंत १८३ दिवस पूर्ण करतोस. तेव्हा क्रेडिट २०१० च्या रिटर्नवर घे, पैसे २०११ मध्ये येतील. घाई करू नकोस, हक्क जात नाही. फक्त वर्षभरात मोठ्या मुक्कामाला भारतात जाऊन दिवस कमी करू नकोस.

नवानवा | २६ जानेवारी

बाप रे, बरं झालं विचारलं. माझा रूममेट एफ-१ वरच आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये सरळ १०४० भरायला निघाला होता. त्याला आत्ताच उठवतो.

स्पष्टबोल | २७ जानेवारी

कुणाला राग येईल, पण लिहितो. हे क्रेडिट मंदीत अमेरिकन माणसाला घर घेता यावं म्हणून आहे. आपण पाहुणे. कायद्यात बसतं म्हणून घ्यायचंच का? उद्या हेच दाखवून एच-१बीविरोधी लोक बोंब मारतील. आधीच सरकारी मदत घेतलेल्या बँकांवर एच-१बीवाले घ्यायला निर्बंध घातलेत.

कोकणकडा | २७ जानेवारी

मुळीच पटलं नाही. माझ्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के दर महिन्याला जातात. भारताशी त्याबाबत करार नाही. ४० तिमाह्या भरायच्या आत परत गेलो तर त्यातलं पेन्शन मला मिळणार नाही. फेडरल टॅक्स, न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स, सगळं शेजाऱ्याइतकंच भरतो. मतदान करता येत नाही तरी भरतो. इथल्या काँग्रेसनं (संसदेनं) नॉन-रेसिडेंटना वगळलं आणि आम्हाला ठेवलं, ते विचार करूनच. हे घर घेतलं नसतं तर बँकेच्या यादीत पडून राहिलं असतं.

विमलताई | २७ जानेवारी

मी १९७४ साली शिकागोला आले. आमच्या वेळी ग्रीन कार्ड महिन्यांत हातात यायचं, तुमच्यासारखी वर्षानुवर्षं टांगती तलवार नव्हती. तुम्हा मुलांचं वाचते तेव्हा जीव तुटतो. आम्ही १९८२ मध्ये घर घेतलं तेव्हा व्याजाचा दर १५ टक्क्यांच्या वर होता. लोक म्हणाले वेडे आहात. पण त्या घरात माझी दोन्ही मुलं एकाच शाळेत शिकली, एकाच गल्लीत वाढली. आज तुम्हाला ५ टक्क्यांच्या आसपास मिळतंय.

स्पष्टबोल, तुमची तळमळ कळते, पण पाहुणा घरपट्टी भरत नाही. ही मुलं भरतात.

प्लेनोकर, शाळेचा डिस्ट्रिक्ट बघून घर घ्या. क्रेडिट एकदाच मिळतं, शाळा तेरा वर्षं.

शिवारातला | २७ जानेवारी

आणि पूर्वाभिमुख बघा! आमच्या सबडिव्हिजनमध्ये पूर्वेकडे तोंड असलेली सगळी घरं देशींनी उचलली. बिल्डरच्या सेल्सबाईला आता 'ईस्ट फेसिंग' हे आपणहून सांगायची सवय झालीय आणि त्या प्लॉटला जास्तीचे पैसे लावते.

जाईजुई | २७ जानेवारी

आर्किटेक्ट म्हणून सांगते, टेक्सासमध्ये मागचं अंगण पश्चिमेला येणार नाही एवढं पाहा. जुलैच्या संध्याकाळी तिथे मूल खेळू शकत नाही. पूर्वाभिमुख घराचं अंगण नेमकं पश्चिमेलाच येतं.

प्लेनोकर | २८ जानेवारी

हे बायकोला वाचून दाखवलं. यादीतली दोन घरं लगेच गळाली, आमच्या आईच्या वास्तुशास्त्रासह!

परतीचापाऊस | ३० जानेवारी

हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

मी आता पुण्यात आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये फीनिक्सजवळ चँडलरला घर घेतलं, २० टक्के डाउन पेमेंट. क्रेडिट २००८ च्या रिटर्नवर घेतलं, मे महिन्यात चेक आला, त्यातून फ्रिज आणि वॉशर-ड्रायर घेतला. डिसेंबरात आमच्या कंपनीनं अख्खा प्रोजेक्ट बंद केला. नाताळच्या सुट्यांत कोण मुलाखती घेतंय? दुसरा स्पॉन्सर मिळेना. मुलाच्या शाळेतून नाव काढलं, गाडी शेजाऱ्याला विकली आणि जानेवारीत निघालो. घर विकायला काढायलाही वेळ नव्हता, मित्राच्या ओळखीनं भाड्यानं दिलं. किल्ली त्याच्या हातात दिली तेव्हा मुलगा विचारत होता, आपण परत कधी यायचं.

आता कळतंय की ८,००० परत द्यावे लागणार. आकडेमोड, यातून काही वाट आहे का?

आकडेमोड | ३० जानेवारी

परतीचापाऊस, वाचून वाईट वाटलं. तुमच्यावर आलेली वेळ या धाग्यावरच्या प्रत्येकावर येऊ शकते, म्हणून लिहिलंत हे फार बरं केलंत. आता तीन वर्षांचा नियम नीट मांडतो.

खरेदीपासून ३६ महिन्यांच्या आत ते घर तुमचं मुख्य निवासस्थान राहिलं नाही, तर त्या वर्षीच्या टॅक्समध्ये पूर्ण क्रेडिट परत भरावं लागतं. भाड्यानं देणं यात येतं. पण घर नात्यात नसलेल्या माणसाला विकलं असेल तर परतफेड नफ्यापुरतीच असते. तो नफा काढताना घराच्या मूळ किमतीतून क्रेडिट वजा करायचं.

समजा २,८०,००० ला घेतलं आणि ८,००० क्रेडिट मिळालं. हिशोबापुरती किंमत २,७२,०००. विक्रीचा खर्च जाऊन हातात २,७५,००० आले तर नफा ३,०००, तेवढेच परत द्यायचे. २,७२,००० किंवा त्याहून कमी आले तर काहीच नाही.

म्हणून परत जायची वेळ आली आणि किमती पडलेल्या असल्या, तर राहत्या घराची विक्री आणि भाड्यानं देणं यात सरळ आठ हजारांचा फरक पडतो. तुमचं घर आधीच भाड्यानं गेलंय, त्यामुळे २०१० च्या रिटर्नमध्ये पूर्ण रक्कम धरून चाला. एक कराच: आता तुम्ही नॉन-रेसिडेंट आहात, तर भाड्याच्या ढोबळ रकमेवर ३० टक्के कापले जातात. खर्च वजा करून निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय रिटर्नमध्ये लेखी निवडा. कर्जाचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, घसारा वजा झाल्यावर बहुधा काही उरणार नाही. आणि पुढे विकाल तेव्हा परदेशी विक्रेता म्हणून किमतीच्या १० टक्के रोखून ठेवतात. घेणारा स्वतः राहायला घेत असेल आणि किंमत तीन लाखांच्या आत असेल तर ती कपात टळते. खरेदीदार निवडताना हे बघा.

परतीचापाऊस | ३१ जानेवारी

३० टक्क्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. भाडेकरूचा मॅनेजर कापायलाच निघाला होता. उपकार झाले.

प्लेनोकर, घर घ्यायचं तर घ्या, मी घाबरवत नाही. पण तो चेक खर्च करू नका. ३६ महिने वेगळ्या खात्यात ठेवा. माझ्याकडे ते आठ हजार बाजूला असते तर आज झोप लागली असती.

मीठभाकर | ३१ जानेवारी

मी याच्याचसाठी ओरडत होतो. पण परतीचापाऊस, तुमच्यासाठी खरंच वाईट वाटतं. पुण्यात नोकरीचं बघत असाल तर मला निरोप टाका, हिंजवडीत माझा भाऊ आहे.

खाडीकाठ | १ फेब्रुवारी

सनीव्हेलमधून. इथे आठ लाखांच्या मर्यादेत शाळा बरी आणि घर बरं असं दोन्ही मिळणं कठीण, म्हणून आम्ही टाउनहाउस बघतोय. बँकेनं व्हिसाची मुदत तीन वर्षं उरलेली मागितली. दुसऱ्या बँकेनं फक्त आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि पगाराच्या स्लिप मागितल्या. एका बँकेनं नाही म्हटलं म्हणून थांबू नका. सरकारी हमी असलेल्या एफएचए कर्जात ३.५ टक्के डाउन चालतं, कामाची परवानगी असलेल्या व्हिसावाल्यालाही.

प्लेनोकर | ७ मार्च

मंडळी, बरेच दिवस लिहिलं नाही. सीपीएनं कलम वाचलं आणि मान्य केलं.

एक घर आवडलंय. अडचण दोन प्रकारची. पहिलं, ते शॉर्ट सेल आहे, म्हणजे मालकाच्या उरलेल्या कर्जापेक्षा कमी किमतीची विक्री. दुसरं, बाबा सांगलीहून म्हणतायत की पीएफची रक्कम पाठवतो, २० टक्के डाउन कर, कर्जाचा विमा लागणार नाही. मला ते पैसे घ्यायला जड जातंय.

आकडेमोड | ७ मार्च

शॉर्ट सेलमध्ये विकणाऱ्याच्या बँकेची मंजुरी कित्येक महिने येत नाही. ३० जूनला क्लोजिंग झालं नाही तर क्रेडिट गेलं. क्रेडिट धरूनच घेत असाल तर दुसरं घर बघा.

वडिलांचे पैसे कायद्यानं येऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, बँकेला गिफ्ट लेटर लागेल. एका वर्षात एक लाख डॉलरच्या वर आले तर फॉर्म ३५२० भरावा लागतो, टॅक्स नाही.

आणि हे सगळ्यांसाठी: रेसिडेंट म्हणून क्रेडिट घेताय तर रेसिडेंट म्हणूनच भारतातलं उत्पन्नही दाखवा. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर असतील तर एफबार (परदेशी खात्यांच्या माहितीचा फॉर्म) ३० जूनपर्यंत द्यायचा. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेही. हे काहीजणांना रुचत नाही, पण अर्धा कायदा पाळून चालत नाही.

विमलताई | ८ मार्च

बाबांचा पीएफ त्यांच्या म्हातारपणासाठी राहू द्या हो. विमा दोन-तीन वर्षं भरलात तर बिघडत नाही. त्यांना म्हणावं, घर बघायला या, तिकीट मी काढतो.

जाईजुई | ८ मार्च

ताईंना अनुमोदन. आमच्या सासऱ्यांनी पाठवले होते. दर फोनला घराची किंमत काय चाललीय विचारतात, आणि उत्तर देताना माझ्या नवऱ्याचा चेहरा पाहवत नाही.

खाडीकाठ | २७ मार्च

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी खुशखबर. राज्यानं नवीन क्रेडिट मंजूर केलंय, १०,००० पर्यंत, तीन वर्षांत विभागून, १ मेपासूनच्या क्लोजिंगला. म्हणजे करार ३० एप्रिलच्या आत आणि क्लोजिंग १ मे ते ३० जूनमध्ये झालं तर फेडरल आणि राज्य दोन्ही. आमच्या एजंटनं क्लोजिंग ४ मेला ढकललं. राज्याचं मात्र चेकनं येत नाही, जेवढा टॅक्स लागेल तेवढ्यातूनच वजा होतं, आणि पैसा संपला की संपला. गेल्या वर्षीचा दहा कोटींचा निधी उन्हाळ्यातच संपला होता.

प्लेनोकर | १९ एप्रिल

करार झाला. शॉर्ट सेलचं सोडलं, त्याच शाळेच्या हद्दीतलं जरा लहान घर घेतोय, दक्षिणाभिमुख. १० टक्के डाउन आमच्याच बचतीतून. बाबांना ताईंचा निरोप सांगितला, ते सप्टेंबरात येतायत. डीडच्या मसुद्यात दोघांची नावं आहेत, बायकोनं स्वतः वाचून खात्री केली. चेक आला की वेगळ्या खात्यात जाईल, २०१३ च्या जूनपर्यंत.

मीठभाकर, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवूनच ठरवलं. हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, विमा मिळून आताच्या भाड्यापेक्षा दोनशे-अडीचशे जास्त आहे. क्रेडिट नसतं तरी हेच घर घेतलं असतं असं वाटलं तेव्हाच सही केली.

मीठभाकर | १९ एप्रिल

हा हिशोब मला मान्य. अभिनंदन. वास्तुशांतीला बोलवा, डॅलसला मावशी आहे माझी.

नवानवा | १ जुलै

आकडेमोड, मदत! माझ्या कॉन्डोचं मार्चचं क्लोजिंग असोसिएशनच्या कागदांमुळे रखडलं. करार फेब्रुवारीचा आहे. काल ३० जून गेला. संपलं का सगळं?

आकडेमोड | ३ जुलै

नाही. काल राष्ट्राध्यक्षांची नव्या कायद्यावर सही झाली. ज्यांचा करार ३० एप्रिलच्या आत झालाय त्यांना क्लोजिंगसाठी ३० सप्टेंबरपर्यंत मुदत मिळालीय. तुझा करार फेब्रुवारीचा, म्हणजे तू बसतोस. २०१० च्या रिटर्नसोबत एचयूडी-१ आणि त्या कराराचीही प्रत लाव, सह्या आणि तारीख दिसेल अशी. एचयूडी-१ वर विकणाऱ्याची सही नसली तर घाबरू नकोस, काही राज्यांत तशी पद्धतच नाही. तू स्वतःची सही करून जोड, आणि पाकीट सर्टिफाइड मेलनं पाठव.